आधी परीक्षेचा फॉर्म, मग बास्केटबॉल
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



सचिवभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमच्या खेळावर दहा मिनिटं बोला." मी तेवीस वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवलं आणि मुलींचा बास्केटबॉल संघ सांभाळला. पहाटे साडेपाचला शिट्टी गळ्यात अडकवून मी गाडी काढायची, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांची झोप मोडली असेल. त्याची आज जाहीर माफी मागते. सांगण्यासारखे चषक मात्र माझ्याकडे फार नाहीत. म्हणून आधी एका मोठ्या कोचबद्दल सांगते आणि मग माझ्या एका चुकीबद्दल.

त्या कोचचं नाव पॅट समिट. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं शेतकऱ्याचं घर. घरी गायी आणि तंबाखूची शेती. मुलीला बास्केटबॉलचं वेड, पण जिथं राहत होते तिथल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मग वडिलांनी काय करावं? त्यांनी घर हलवलं. संघ असलेली शाळा मिळावी म्हणून सगळं बिऱ्हाड शेजारच्या हद्दीत नेलं. आपण सगळ्यांनी हप्ते भरून घरं बांधली आहेत. घर हलवणं म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

१९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅट समिट टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य कोच झाल्या. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. संघाची गाडी स्वतः चालवायच्या, खेळाडूंचे कपडे स्वतः धुवायच्या. पहिलाच सामना एका गुणानं हरल्या. दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, तिथं कायदा झाला होता की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदान मिळतं थोडंच! ते कुणाला तरी रोज उठून मिळवावं लागतं.

१९७६ ला ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं. त्यात त्या स्वतः खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. १९८४ ला त्यांनी शिकवलेल्या अमेरिकेच्या संघानं सुवर्ण जिंकलं. एकाच विद्यापीठात अडतीस हंगाम, १०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. २०११ मध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, ते त्यांनी लपवलं नाही. आणखी एक हंगाम संघासोबत काढला आणि २०१२ ला थांबल्या. २०१६ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी त्या गेल्या.

मला मात्र १०९८ पेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. त्यांच्या संघात खेळण्याची सगळी वर्षं पूर्ण केलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. प्रत्येक. तास बुडवायचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, असा त्यांचा नियम होता.

नागपूरला एका प्रशिक्षणात हे पहिल्यांदा ऐकलं आणि माझी मान खाली गेली. का, ते सांगते.

मी अमरावतीला शिकून इथं आले, तेव्हा आपली कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. स्पर्धेला जायचं म्हणजे पहाटेची एस.टी., डब्यात पोळी-चटणी आणि रात्री उशिरा परत. २०११ ला गोंडवाना विद्यापीठ झालं, मग चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरीच्या संघांशी सामने होऊ लागले. आमचं कोर्ट सिमेंटचं, भेगा पडलेलं, रिंगला जाळी नाही. मुलींचा चेंडू सहा नंबरचा असतो, आम्हाला मिळायचा मुलांचा जुना सात नंबरचा. रिंगची उंची दोघांना सारखीच, दहा फूट. मी म्हणायचे, मोठ्या चेंडूनं शिकाल तर लहान चेंडू फुलासारखा वाटेल.

निम्म्या मुली वसतिगृहातल्या. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडच्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. जुलैत रोवणी, दिवाळीच्या सुमारास धान कापणी, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. घरी हात हवेत, तर पोरगी खेळायला कशी थांबेल? आपल्याकडे कोचला खेळाच्या नियमांबरोबर शेतीचं वेळापत्रकही पाठ असावं लागतं.

त्यातली एक मुलगी भामरागडकडची. पहिल्या वर्षी मराठीसुद्धा अडखळत बोलायची, घरी माडिया. पण चेंडू हातात आला की मान वर, नजर सगळ्या मैदानावर. असं शिकवून येत नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या जोरावर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. स्पर्धा संपली, ती कापणीला घरी गेली आणि परत आली नाही. मला वाटलं, येईल. खरं सांगायचं तर स्पर्धा संपल्यावर मी तिची चौकशीच केली नाही. परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली, विलंब शुल्काचीही गेली. ती जानेवारीत आली. पदराच्या गाठीत फीचे पैसे होते. खिडकीवरून परतली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही निरोप पाठवला असता तर मी आली असती."

पुढच्या वर्षी तिचं नाव पटावर नव्हतं. तेव्हाचा उपविजेतेपदाचा चषक माझ्या कपाटात आहे. मी तो कधी दर्शनी ठेवला नाही.

त्यानंतर माझी वही बदलली. आधी तिच्यात बास्केट, फाउल, पास असे रकाने असायचे. आता पहिले तीन रकाने म्हणजे वर्गातली हजेरी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म. तिन्हींवर खूण असल्याशिवाय चेंडू हातात द्यायचा नाही. कुणी घरी अडकली तर एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायची, गावातल्या किराणा दुकानात फोन करायचा. एकदोन सामने त्यामुळे हरलो. पण निवृत्त होईपर्यंत माझ्या संघातल्या एकाही मुलीचा फॉर्म राहिला नाही. कुणी शिक्षिका झाली, कुणी पोलिसात आहे, कुणी अंगणवाडीत. कोचचं प्रगतिपुस्तक हेच, असं मला वाटतं. फक्त ते मला एका मुलीचं नुकसान करून कळलं.

आता सोसायटीसाठी एक विनंती. येत्या वार्षिक सभेत आपल्या खुल्या जागेचा विषय आहे. पार्किंगची गरज मलाही कळते, माझीही गाडी उन्हातच उभी असते. पण एका कोपऱ्यात एक खांब, एक रिंग आणि एक दिवा, एवढीच जागा ठेवा. दिवा यासाठी की सहा वाजले, अंधार पडला म्हणून आपण फक्त मुलींना घरात बोलावतो, मुलांना नाही. शिकवायला मी आहे, गुडघे दुखले तरी शिट्टी वाजवता येते. आणि आपल्याकडे धुण्या-भांड्यांना येणाऱ्या बायांच्या मुलींनाही तिथं येऊ द्यायचं, हा ठराव त्याच वेळी करू या.

एका वडिलांनी मुलीच्या खेळासाठी घर हलवलं. आपल्याला घर हलवायचं नाही, फक्त चार गाड्या सरकवायच्या आहेत.