पाच गुणांचं अंतर

आमच्या येडशीसारख्या गावातही एखाद्या मोटारसायकलवर ४६ हा पिवळा आकडा दिसतो. तो इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसीचा. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला, हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत, त्याचं जगज्जेतेपद दोनदा हुकलं. २००६ साली तो घसरून पडला आणि निकी हेडन विजेता ठरला. २०१५ साली शिक्षा म्हणून सर्वांत मागून सुटून तो चौथा आला, पण किताब लॉरेन्झोला गेला. दोन्ही वेळा अंतर पाचच गुणांचं!

२००६ साली रॉसीनं हेडनचं मोकळ्या मनानं अभिनंदन केलं. २०१५ नंतर मात्र त्याचे कितीतरी चाहते ‘किताब चोरला’ म्हणत राहिले. मुशायऱ्यात दुसऱ्याचा शेर सरस ठरला, तर आम्ही कवी त्याला दाद देतोच. आपला माणूस हरल्यावर वाजते, तीच खरी टाळी.