मिरज ते लाहोर : एका गवयाची मुशाफिरी

(ज्ञातिसंघाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी प्रवासाचा विषय घेतला आहे, आणि तोही एका गवयाच्या प्रवासाचा. रत्नागिरीकरांपुढे प्रवासाविषयी बोलणे म्हणजे कोळ्याला समुद्र दाखविण्यासारखे आहे, हे मी जाणतो. घाट चढून देशावर जावे, बोटीने मुंबई गाठावी, चाकरी करावी आणि घरी मनिऑर्डर धाडावी, ह्यांत कोकणच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तीच वाट एका रात्रीची झाली. परंतु पोटासाठी केलेला प्रवास निराळा. आणि विद्या उराशी धरून, पुढच्या गावी आपणांस कोण विचारील ह्याची शाश्वती नसताना, परक्या मुलखात केलेला प्रवास निराळा. अशाच एका प्रवासाची हकीकत मी आपणांपुढे ठेवणार आहे.

विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या दारूने मुलाच्या डोळ्यांस इजा झाली, दृष्टी अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. तेव्हा मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांना पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्याकडे गाणे शिकण्यास ठेवण्यात आले. हे गुरुजी स्वतःच मोठे मुशाफर होते. ज्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे घर सोडावयाचे असाच अर्थ होता, त्या काळी त्यांनी धारला देवजीबुवांकडे आणि ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी ह्यांच्याकडे राहून ख्यालाची विद्या संपादन केली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजविली. गुरूने उत्तरेची विद्या दक्षिणेत आणली. शिष्य तीच विद्या घेऊन पुन्हा उत्तरेकडे निघाला.

तो का निघाला, हे समजून घेण्यासारखे आहे. चरित्रकार सांगतात ते असे की, मिरजेत एका समारंभाचे बोलावणे विष्णुबुवांना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, ते तर गवईच! राजाश्रयामुळे विष्णुबुवांना प्रतिष्ठा होती. विद्येला मात्र नव्हती. गवयाला बिदागी द्यावी, वाहवा करावी, पण पंक्तीला बसवू नये, अशी ती समाजाची रीत. ही गोष्ट त्या तरुणाच्या जिव्हारी लागली. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली. पोटापाण्याची ददात नव्हती. त्यांना पुसावयाचा होता तो विद्येचा अपमान.

सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली आणि मग पंजाब, असा हा प्रवास. नकाशावर बोट फिरविण्यास क्षणही लागत नाही. पण त्या काळचा गवई प्रवासास निघाला म्हणजे काय होत असे, ते ध्यानी घ्यावे. सोबत तंबोरा. मिरजेचा तंबोरा देशभर नावाजलेला. त्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांत पिकलेला. आगगाडीच्या गर्दीत हे नाजूक ओझे लेकरासारखे जपावे लागे. एक धक्का बसला की भोपळा तडकला! हवा पालटली की तारा उतरत, जवारी बिघडे आणि तबल्याची शाई व चामडे आपला स्वभाव दाखवू लागे. ह्याहून मोठी अडचण भाषेची. कुरुंदवाड-मिरजेच्या मराठीवर वाढलेल्या ह्या गवयाने मथुरेस मुक्काम करून व्रजभाषेचा अभ्यास केला; कारण ज्या बंदिशी तो जन्मभर गात आला, त्यांची भाषाच ती होती. प्रवासाने त्याला आपल्याच गाण्याचा अर्थ नव्याने शिकविला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

काठेवाडात आणखी एक गोष्ट घडली. तोवर गाणे म्हणजे दरबारचे, देवळाचे, नाहीतर श्रीमंताच्या दिवाणखान्याचे. विष्णुबुवांनी तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर जलसा केला. आज आपण तिकीट काढून मैफलीस जातो तेव्हा त्यात काही नवल वाटत नाही. पण त्या तिकिटाचा अर्थ मोठा होता. तिकीट घेणारा मनुष्य आश्रयदाता नव्हे आणि गाणारा आश्रितही नव्हे. दोघेही स्वाभिमानाने समोरासमोर बसतात. आपल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देऊळ सोडून घरोघर जाते, तेव्हा देवाचे देवपण कमी होत नाही. उलट ज्याचा पाय देवळापर्यंत पोहोचत नाही त्याच्या अंगणात देव येतो. विष्णुबुवांनी गाण्याची पालखी अशीच दरबारातून उचलली आणि लोकांच्या दारी नेली. ओंगळ शब्दांच्या चिजा त्यांनी बाजूस सारल्या, संतांची भजने रागदारीत बसविली आणि गृहस्थाला मुलाबाळांसह ऐकता येईल असे गाणे मांडले. ह्या निवडीने काही जुन्या रचना झाकोळल्या असा आक्षेप जाणकार घेतात, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु घरंदाज कुटुंबांची बंद दारे त्यामुळेच उघडली, हेही तितकेच खरे.

५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. जेथे आपली भाषा बोलणारा मनुष्य शोधावा लागे, त्या शहरात, एखाद्या राजाच्या नव्हे तर सामान्य लोकांच्या वर्गण्यांवर हे विद्यालय उभे राहिले. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांस नऊ वर्षे विद्यालयात राहावे लागे. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार विद्यालय वाही. स्वरलेखनाची पद्धत, क्रमिक पुस्तके, मासिक, छापखाना हे सारे त्यातूनच निघाले. मिरजेहून विनायकराव पटवर्धन हे वयाच्या नवव्या वर्षी येथे शिकावयास गेले. जालंधरला हरवल्लभाचा संगीतमेळा १८७५ पासून भरत आला आहे. त्या मेळ्यातही विष्णुबुवांचा आणि पुढे त्यांच्या शिष्यांचा आवाज घुमला.

त्याच सुमारास दुसरा एक विष्णू प्रवासास निघाला होता. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. १९०४ साली ते दक्षिण हिंदुस्थानात गेले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम् अशा ठिकाणी पंडितांना भेटून त्यांनी शेकडो प्रश्न विचारले आणि उत्तरे वहीत टिपली. पुढे १९०७ व १९०८ साली पूर्वेकडे आणि उत्तरेकडे त्यांचे असेच दौरे झाले. दक्षिणेतील ७२ मेळांच्या विचारातून त्यांना दिशा मिळाली, आणि उत्तरेच्या रागांची त्यांनी दहा थाटांत मांडणी केली. एक विष्णू देण्यासाठी फिरला, दुसरा घेण्यासाठी फिरला; एकाने तंबोरा नेला, दुसऱ्याने वही. पण दोघांनीही परक्या मुलखाला परका मानले नाही, आणि तेथील माणसापेक्षा आपण शहाणे अशा घमेंडीने पाऊल टाकले नाही. ज्याला दुसऱ्याच्या दारी नम्रपणे बसता येते, त्यालाच प्रवास फळतो.

ह्या कथेचा शेवट गोड करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९०८ साली विद्यालय मुंबईस आले, मोठी इमारत झाली, कर्ज वाढले आणि अखेर ती इमारत लिलावात गेली. विष्णुबुवांनी नाशिकला रामनामाचा आधार घेतला आणि १९३१ साली मिरजेतच देह ठेवला. १९४७ च्या फाळणीने लाहोरही परदेश झाले. जे विटांनी बांधले ते असे गेले. पण जे माणसांत बांधले ते टिकले. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशा शिष्यांनी गावोगाव विद्या पोहोचविली. गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ह्या त्याच्या परीक्षांना देशभरची मुले-मुली आजही बसतात. हातात पेटी किंवा तबला घेऊन शिकवणीस निघालेली शेजारची मुलगी त्या मिरज-लाहोरच्या वाटेवरूनच चाललेली असते. तिला ते ठाऊक नसते इतकेच.

आता शेवटचा मुद्दा. तो थोडा बोचरा वाटला तर आपण क्षमाशील आहात. लाहोरला ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी गवयाची ज्ञात विचारली नाही. विचारली असती तर विद्यालय उघडलेच नसते. आपण येथे ज्ञातीच्या नात्याने जमलो आहो आणि आपल्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावतो, हे उत्तमच. पण वैद्यकी आणि यंत्रविद्या शिकणाऱ्याला आपण आनंदाने साहाय्य करतो आणि गाणे शिकू इच्छिणाऱ्याला मात्र “पोट कसे भरणार?” असे विचारतो. मिरजेतले “ते तर गवईच!” आणि आपला हा प्रश्न ह्यांत अंतर किती, ह्याचा विचार व्हावा. आपल्या शिष्यवृत्तीत संगीताला एक जागा असावी, आणि परगावचा कलावंत ह्या नगरीत आला तर तो कोणाचा कोण हे न पुसता त्याच्या तंबोऱ्याला कोरडी जागा आणि त्याच्या पानाला ऊन भात मिळावा, एवढीच माझी विनंती आहे. परमुलखात आपल्या माणसांना ज्यांनी असे सांभाळले, त्यांचे ऋण फेडण्याचा ह्याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.