मेहनत आणि डाव : तालमीतील सरावामागचे शरीरविज्ञान

कुस्तीच्या तालमीत रोज जे चालते त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात : एकट्याने करावयाची ती ‘मेहनत’, म्हणजे जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, गदा व करेल फिरवणे, आणि जोडीदारासह हौद्यात उतरून करावयाची ती ‘लढत’. मेहनतीने ताकद येते आणि लढतीने डाव येतात, अशी समजूत सर्रास रूढ आहे. ही समजूत अपुरी असून, खेड्यापाड्यांतून तालमीत येणाऱ्या मुलांचे तिच्यामुळे फार नुकसान होते. जोर आणि बैठक यांची घडण बारकाईने पाहिली, तर त्यांत डावांचेच सुटे अवयव दिसतात. आणि हा संबंध शिकवणाऱ्याने उलगडून दाखवला नाही, तर उरते ती केवळ आकड्यांची मोजदाद.

हा विषय खानदेशातील चाळीसगावात मांडण्यास सबळ कारण आहे. याच तालुक्यातील सायगाव बगळी या गावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकली. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या या किताबाच्या इतिहासात त्यांच्या आधी सलग तीन वेळा तो मिळवला होता नरसिंग यादव यांनी. पुढे पोलीस उपअधीक्षक झालेल्या चौधरींनी २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथील जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत सुवर्णपदकही मिळवले. कोल्हापूर-सांगली म्हणजेच कुस्ती, असे मानणाऱ्या महाराष्ट्राने खानदेशाकडे पाहावे एवढे हे यश मोठे आहे; परंतु त्याचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर पुढच्या पिढीला पराक्रमाची वर्णने ऐकवून भागणार नाही, सरावाचे शास्त्र समजावून द्यावे लागेल.

प्रथम जोर घ्यावा. व्यायामशाळेत हल्ली ज्याला ‘पुशअप’ म्हणतात त्यात शरीर फळीसारखे ताठ ठेवून केवळ कोपर वाकवले जाते. जोरात मात्र कंबर उंच ठेवून सुरुवात होते, छाती जमिनीलगत सरकत पुढे जाते, मग डोके व खांदे वर उठतात, कंबर खाली येते आणि पुन्हा मागे-वर खेचली जाते. म्हणजे येथे हात भार पेलतात, पण हालचालीचे नेतृत्व कमरेकडे असते. प्रतिस्पर्धी पायांत शिरला असता पाय मागे फेकून कंबर खाली दाबणे आणि छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकणे, हा जो मूलभूत बचाव आहे, त्यातील कमरेची चाल हीच आहे. जोर व बैठक एकत्र गुंफणाऱ्या सपाट्यांत तर पाय मागे फेकणेही आलेच. जो मुलगा कमरेऐवजी केवळ दंडांनी जोर ओढतो, त्याची छाती भरते, परंतु बचावाची चाल अंगात मुरत नाही.

आता ‘एकेरी पट’ हा डाव पाहावा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय पकडून त्याला पाडणे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूत त्याचे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, बेंबीच्या किंचित खाली, उंचीच्या निम्म्याहून थोडा वर असतो. या बिंदूतून जमिनीकडे सोडलेली लंबरेषा जोवर दोन्ही पावलांनी वेढलेल्या जागेत, म्हणजे ‘आधारक्षेत्रात’ पडते, तोवर तोल टिकतो. पट काढणारा एक पाय उचलतो तेव्हा हे क्षेत्र एका पावलापुरते उरते. एवढ्याने मात्र मल्ल पडत नाही, कारण कसलेला मल्ल एका पायावर बराच वेळ नाचू शकतो. पाडण्यासाठी हाताने टाच स्वतःकडे ओढायची आणि त्याच वेळी खांद्याने मांडीवर विरुद्ध दिशेने दाब द्यायचा असतो. एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या अशा दोन समांतर बलांच्या जोडीला ‘बलयुग्म’ म्हणतात, आणि वस्ताद ‘खांदा लाव, खांदा लाव’ म्हणून ओरडतात ते याचसाठी.

नवशिका येथे हमखास एक चूक करतो : गुडघे न वाकवता कमरेतून वाकून, हात लांब करून पाय धरू पाहतो. बलाचा फिरवण्याचा परिणाम, ज्याला ‘परिबल’ म्हणतात, तो बल आणि अंतर यांच्या गुणाकाराएवढा असतो. त्यामुळे २० किलोचा भार कमरेपासून २० सेंटीमीटरवर असताना पाठीवर जेवढा ताण येतो, त्याच्या तिप्पट ताण तोच भार ६० सेंटीमीटरवर धरल्यास येतो. बैठक येथे कामास येते. पाठ फारशी न झुकवता गुडघे व कंबर यांच्या आधारे खाली जाणे आणि चवड्यांवर भार घेत उसळून वर येणे, हीच पटात शिरण्याची व पाय घेऊन उठण्याची क्रिया आहे. पण पाचशे बैठका मारताना शेवटच्या दोनशेत गुडघे आत कोसळत असतील, तर मुलगा चुकीचा पटच दोनशे वेळा घोटत असतो. अशा वेळी मोजणी थांबवणे हे वस्तादाचे कर्तव्य होय, मग मुलाला कितीही वाईट वाटो.

डाव घोटण्याबाबत एक जुना प्रयोग उद्‌बोधक आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींचे चित्रण करून अभ्यास केला. त्यातून निघालेला बोध असा, की कसबी माणसाचा प्रत्येक घाव नेमक्या जागी पडत असला तरी खांदा, कोपर व मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्याथोड्या वेगळ्या असतात. म्हणजे कसब एकच हालचाल तंतोतंत गिरवण्यात नसून, तोच हेतू बदलत्या परिस्थितीत साधण्यात आहे. म्हणून स्वस्थ उभ्या राहणाऱ्या जोडीदारावर धोबीपछाड शंभरदा मारून डावाची तोंडओळख होते, एवढेच. त्यापुढे जोडीदाराने कधी ढकलावे, कधी ओढावे, कधी कंबर मागे न्यावी. उंच-ठेंगणे, हलके-जड असे जोडीदार बदलावेत. धोबीपछाडीत आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली जावी लागते, आणि ठेंगण्या जोडीदारापुढे उंच मुलाला त्यासाठी किती खोल बसावे लागते, हे त्याला सांगून कळत नाही.

माती आणि गादी यांतील फरक हा खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा आहे. यात्रेतील दंगलीत मुलगा तांबड्या मातीत अनवाणी खेळतो, तर शालेय स्पर्धेत त्याला बूट घालून गादीवर उभे राहावे लागते. मऊ केलेली माती पावलाखाली दबते, रेट्याचा काही भाग गिळते आणि बोटांना रुतायला जागा देते; गादी तुलनेने कमी दबते, रेटा चटकन परत देते, त्यामुळे पायांत शिरण्याचा वेग तेथे वाढतो. शिवाय जुन्या दंगलीत पाठ लागेपर्यंत लढत चाले, तर गादीवर ठरावीक मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब असतो. साताऱ्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीच्या कुस्तीचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. मातीतली मेहनत गादीवर वाया जात नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा नको. परंतु मधल्या चार वर्षांचा अर्थही विसरता येत नाही : गादीचा सराव वेगळा करावाच लागतो. ज्या तालमीला पूर्ण गादी परवडत नाही, तिने निदान काही तुकडे जोडून पायांत शिरणे, पाय मागे फेकणे आणि उभ्याने पकड सोडवणे, एवढ्या तीन गोष्टी आठवड्यातून काही दिवस त्यावर घोटून घ्याव्यात.

राहिला मानेचा प्रश्न. चितपट टाळण्यासाठी डोके व पाय टेकून पाठ उचलून धरणे हा मल्लाचा शेवटचा आधार आहे, आणि त्यासाठी मान तयार करावीच लागते. तथापि वाढीच्या वयातील मुलाच्या मानेवर जोडीदाराला बसवून ती ‘पक्की’ करण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती तत्काळ बंद व्हावी. मुलाने प्रथम हातांचा आधार घेऊन स्वतःच्या वजनाचा काही अंश मानेवर घ्यावा, मग हात काढावेत, आणि जोडीदाराचा भार मान व खांदे भरल्यावरच, तोही वस्तादाच्या देखरेखीखाली, हळूहळू घ्यावा. पडणेही असेच आधी शिकवावे : हनुवटी छातीशी, हात शरीराजवळ, आणि आपटा एका बिंदूऐवजी पाठीच्या रुंद भागावर वाटून घेणे. हे अंगवळणी पडेपर्यंत मुलाला उचलून टाकण्याचा कोणताही डाव त्याच्यावर करू देऊ नये, मग गावची यात्रा कितीही जवळ आलेली असो.