निबंधातला ‘पण’

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध शाळेत लिहिला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. बडोद्यात भेटला नाही, इंदुरात नाही, बेळगावातही नाही. शेवटही सगळ्यांचा सारखाच. प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, म्हणून आपण सुवर्णमध्य साधला पाहिजे. बाई खूश, दहापैकी आठ गुण.

आज ज्या निबंधाबद्दल बोलायचंय, तिथे हे नाणं चालत नाही. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा म्हणजे एनएलसॅट. अडीच तास, 150 गुण. पहिल्या भागात 75 पर्यायी प्रश्न. दुसऱ्या भागात हाताने लिहायचं: पाच छोटी उत्तरं आणि 25 गुणांचा एक निबंध. गेल्या काही वर्षांतली ही रचना आहे. तुमच्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, माझ्यावर विसंबू नका. निबंधाच्या वाट्याला साधारण 25 मिनिटं येतात. आणि लिहायचं इंग्रजीत.

इंग्रजीचीच सगळ्यांना धास्ती असते. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच दिवशी भारी शब्दांची यादी मागतात. मी देत नाही. घोडं तिथे अडलेलंच नसतं.

मागे नंदुरबारकडची एक मुलगी आली. बडोद्यातच पदवी केलेली. तिला विषय दिला : मतदान सक्तीचं करावं का? तिने दीड पान लिहिलं. सुरुवातीला अब्राहम लिंकन. मग सक्तीचे चार फायदे, चार तोटे. शेवटी आपलं नाणं. इंग्रजी बरं होतं, चुका फारशा नव्हत्या. पण तो निबंध कुणीही लिहिला असता, आणि तिचं मत काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण मतदान करतं?

ती म्हणाली, “सर, आई-बाबा ऊसतोडीला बारडोलीकडे असतात. दिवाळीनंतर निवडणूक आली की त्यांचं राहतंच. जायचं म्हटलं तर जाणं-येणं धरून दोन दिवस मोडतात, भाडं वेगळं. मुकादमाची उचल तर आधीच घेतलेली असते.”

म्हटलं, हे का नाही लिहिलंस?

“हे निबंधात चालतं?”

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आजचं माझं भाषण. चालतं. तेवढंच चालतं असं नाही, पण तिथून सुरुवात होते. लिंकन सगळ्यांना माहीत आहे. कोयत्याचा हिशेब टनावर होतो, हजेरीवर नाही, हे वातानुकूलित वर्गात बसलेल्या किती जणांना माहीत आहे? आपल्या कायद्यात मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीची तरतूद आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. पण ज्याला टनावर पैसे मिळतात आणि ज्याचं मतदान केंद्र दुसऱ्या राज्यात आहे, त्याच्या हाती या सुट्टीतून काय पडणार? इथे एक मुद्दा जन्माला आला. ती रडगाणं गात नव्हती. घरच्या गोष्टीचं नुसतं रडगाणं केलं तर गुण मिळणार नाहीत, हेही सांगून ठेवतो.

मग आम्ही निबंध पुन्हा मांडला. आधी मराठीत, तोंडी. माझी अट एकच : तुझं म्हणणं एका वाक्यात सांग. तिला पंधरा मिनिटं लागली. वाक्य निघालं ते असं : जोवर सरकार मतदान माणसाच्या आवाक्यात आणत नाही, तोवर सक्ती करण्याचा त्याला अधिकार नाही. हिला बाजू म्हणतात.

आता ‘पण’. समोरच्याचा सगळ्यात बळकट मुद्दा कोणता? लेचापेचा घेऊन त्याला लोळवणं सोपं असतं, आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं. “कुणालाच मत द्यायचं नसेल तर?” हा असाच कच्चा मुद्दा, 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘नोटा’चं बटण आलेलं आहे. बळकट मुद्दा ऑस्ट्रेलियाचा. तिथे 1924 पासून राष्ट्रीय निवडणुकीत सक्ती आहे. मतदान शनिवारी होतं, टपालाने किंवा आधी जाऊनही करता येतं. म्हणजे कुणी म्हणेल, सक्ती करा, मग सोयी करणं सरकारला भागच पडेल. तुमच्या अगदी उलट क्रम!

ती गप्प झाली. मला ते आवडलं. आपल्याच मुद्द्यापुढे क्षणभर गप्प व्हावं लागलं, तर समजा निबंध सुरू झाला.

तिने उत्तर शोधलं ते गुजरातमध्येच. इथे स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचा कायदा झाला होता. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उलट 2022 च्या अखेरीस निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पुढे आणला, त्यावर राजकीय पक्षांचं एकमत झालं नाही. तिचं म्हणणं, आपल्याकडे सक्तीचा कायदा झाला तो सोयीच्या आधी. दंडाची पावती फाडणं सोपं, यंत्र पोचवणं अवघड. सोपं तेच आधी होणार. मग तिने आपलं मूळ वाक्यही बदललं : सोय झाल्यानंतर सक्तीला माझा विरोध नाही. हा सुवर्णमध्य नव्हे. समोरच्याचं ऐकून ती एक पाऊल सरकली, आणि किती सरकली हे तिने सांगितलं.

राहिलं इंग्रजी. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण वाक्य लांबवत नेतो आणि इंग्रजीत कर्ता-क्रियापदाची ताटातूट होते. एका वाक्यात एक गोष्ट सांगा, पूर्णविराम द्या. बस्स. 25 मिनिटांतली सात मिनिटं काही लिहू नका. कच्च्या कागदावर तुमचं वाक्य, समोरच्याचा ‘पण’ आणि तुमचं उत्तर एवढंच टिपा. शेजारचा पुरवणी मागू लागला तरी बसून राहा. शेवटची तीन मिनिटं वाचायला. लिंकन दिसला तर खोडा.

त्या मुलीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या भागात ठरावीक क्रमांकात आलं तरच दुसरा भाग तपासला जातो. ती थोडक्यात राहिली. तिचा निबंध कुणी वाचलाच नाही. यंदा पुन्हा बसतेय, दिवसा एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते, आणि दर रविवारी मला एक निबंध पाठवते. गेल्या रविवारचा विषय तिनेच निवडला होता : मुकादमाने दिलेली उचल हे कर्ज की वेठ? तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘पण’ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.