पाळणा कुठे लांबला, कुठे थांबला

लोकसंख्येच्या स्फोटाची भीती शाळकरी निबंधांतून अजून गेलेली नाही. जननदर मात्र केव्हाच उतरला. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २.० वर आली. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर साधारण २.१ लागतात.

ही झाली देशाची सरासरी. बिहारमध्ये हा आकडा ३.०, उत्तर प्रदेशात २.४, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३, तर सिक्कीममध्ये अवघा १.१ आहे.

एवढा फरक का, असे विचारले की केरळकडे बोट दाखवले जाते. तिथे मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, गावोगावी दवाखाने झाले. मुख्य म्हणजे जन्मलेले मूल जगू लागले. त्याच पाचव्या फेरीत हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे केरळमध्ये चार-पाच, बिहारमध्ये सत्तेचाळीस. मूल जगेल याची खात्री नसलेल्या आईने दोनांवर थांबावे, असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण केरळची वाट हीच एकमेव वाट नव्हे. आंध्र प्रदेशात जननदर १.७ आहे, आणि तरीही तिथे २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी एकोणतीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुले आणि लगेच ऑपरेशन, अशी तिथली रीत. विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. पंचविशीच्या आत पाळणा थांबला, पण शिक्षणाची आणि नोकरीची वर्षेही त्याच घाईत गेली. आकडा केरळच्या जवळ आला, बाईचे आयुष्य नाही.

पश्चिम बंगाल आणि बिहार यांची तुलना याहून बोलकी आहे. सीमा लागून, बालविवाहाचे प्रमाण दोन्हीकडे ४१ टक्क्यांच्या आसपास. तरीही बंगालचा जननदर १.६ आणि बिहारचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा लग्नाचे वय ही एकच किल्ली धरून बसणाऱ्यांनी हा नकाशा पुन्हा पाहावा. बिहारही थांबलेला नाही. २००५-०६ मध्ये तिथला जननदर ४.० होता.

या साऱ्या प्रवासात पुरुष कुठे होता? आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या, आणि कित्येक जबरदस्तीच्या. लोक संतापले, सरकार पडले, आणि त्यानंतर सगळा भार मुकाट्याने बायकांवर आला. पाचव्या सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३८ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. ज्या मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र सुरू केले, त्या मुंबईच्या राज्याला तरी हे लाजिरवाणे वाटायला हवे.

आता हा फरक राजकारणात उतरला आहे. राज्यांच्या वाट्याच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत, त्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ज्यांनी कुटुंब लहान ठेवले त्यांचाच आवाज दिल्लीत घटेल, ही दक्षिणेची धास्ती खरी आहे. पण त्यावर तोडगा म्हणून बायकांना जास्त मुले जन्माला घालायला सांगणे हा जुन्याच दंडेलीचा उलटा अवतार होय. दोनांहून जास्त मुले असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकीत अपात्र ठरवणारा १९९४ चा कायदा आंध्रने २०२४ मध्ये मागे घेतला, तो जननदर वाढावा म्हणून. बाईचे हित दोन्ही वेळा कुणी विचारात घेतले नाही.

अशा नियमांनी काय होते, हे अभ्यासक निर्मला बुच यांनी पाच राज्यांतल्या पंचायतींत जाऊन तपासले. पद वाचवण्यासाठी बायको सोडलेली, मूल दत्तक दिलेले, गर्भपात करवलेले त्यांना आढळले.

महाराष्ट्रात असाच नियम २००१ पासून लागू आहे. तिसरे मूल हवे की नको हे जिच्या हातात नव्हते, तीच सदस्यपद गमावते. जननदर १.७ वर आलेल्या राज्याला या नियमाची गरज उरलेली नाही. हा नियम अजून कशासाठी, हे आपापल्या आमदाराला विचारा, आणि तो रद्द होईपर्यंत विचारत राहा.