हक्काच्या बोनसची वसुली



दिवाळी जवळ आली की आमच्या वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो, "बोनस झाला का?" ज्यांचा झाला ते हसत सांगतात, ज्यांचा बुडाला ते मान खाली घालतात. मान खरे तर बुडवणाऱ्याने खाली घालायची, म्हणून या विषयावर चार शब्द सांगण्यास आम्ही उभे आहोत.

मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मालक बोनस देऊ लागले. पुढे नफा घटल्याचे सांगून १९२३ सालचा बोनस त्यांनी नाकारला, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने सर नॉर्मन मॅक्लिऑड या मुख्य न्यायाधीशांची समिती नेमली. समिती म्हणाली, रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर हक्क नाही! कामगार रिकाम्या हाताने परतले. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडले.

किमान बोनस आधी ४ टक्के होता, नंतर ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे कायद्याने घातलेल्या मर्यादेत एका महिन्याचा पगार. वर्षात किमान ३० दिवस काम केलेले असावे. तोटा झाला म्हणून किमान बोनस चुकत नाही. नव्या कारखान्याला मात्र पहिली पाच वर्षे सवलत आहे. वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानांना सहसा हा नियम लागत नाही, ही आमच्या मते मोठी उणीव आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस बँकेच्या खात्यात जमा व्हावा लागतो. जुन्या कायद्यात वसुलीचा अर्ज एका वर्षात करावा लागे. आता दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. अर्ज कामगार स्वतः करू शकतो किंवा नोंदणीकृत युनियन. आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

आपली बरीच मुले ठेकेदाराकडे आहेत. "कंपनीकडे जा," असे ठेकेदार म्हणतो, कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते. ठेकेदाराने दिले नाही तर आस्थापनेच्या मालकाने द्यायचे, असे संहिता सांगते. ही टोलवाटोलवी ऐकून घरी बसू नका.

याहून जास्त रक्कम मालकाने पत्राने कबूल केली असेल तर तो करार ठरतो. दिवाणी न्यायालयात तीन वर्षांत दावा लावता येतो. तोंडी शब्दाला पुरावा शोधत फिरावे लागते. काही मालक पाकिटावर "सानुग्रह" असे लिहितात, तेही नीट वाचा. हक्काचा शब्द टाळण्याचीच ती युक्ती असते.

म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कार्ड, बँकेचे पासबुक, नोटीस फलकावरील पत्रकाची प्रत जपा. अर्धी रक्कम देऊन पूर्ण रकमेच्या व्हाउचरवर सही मागतात, ती करू नका. आई-वडिलांना लिहिता येत नसेल तर मुलांनी अर्ज लिहून द्यावा, दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर कामगार कार्यालयाच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.