बाघ नदीच्या पलीकडचे घर



व्यवसायोपचारकांची ही परिषद गोंदियात भरते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. आज मला आपल्या व्यावसायिक नोंदणीबद्दल बोलायचे आहे. मुंबईच्या सभागृहात हा विषय कागदपत्रांचा वाटला असता. इथे स्टेशनबाहेर उभे राहिले की तो डोळ्यांना दिसतो. सकाळच्या बालाघाट गाडीने उतरणाऱ्यांत धान्याचे व्यापारी असतात, लेकीला भेटायला आलेल्या आया असतात आणि फाईल छातीशी धरलेले रुग्णही असतात.

असाच एक शेतकरी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. धान मळताना उजवा हात थ्रेशरमध्ये गेलेला. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. मी स्प्लिंट करून दिला, बोटांचे काम सुरू केले, आणि तो आठवड्यातून दोनदा नेमाने येत राहिला. दोन महिन्यांनी तो माझ्या टेबलावर लाकडी खुंट्या उचलू लागला, बरणीचे झाकण फिरवू लागला. मी समाधानात होते. मग एक दिवस त्याची बायको म्हणाली, "इथं सारं करते मॅडम, घरी काहीच नाही करत."

तुम्हा सर्वांना हे वाक्य ओळखीचे आहे. याचे उत्तर दवाखान्यात सापडत नाही. एका रविवारी मी राज्याच्या सीमेवरच्या बाघ नदीचा पूल ओलांडून बालाघाटच्या बाजूला त्याच्या घरी गेले. विळ्याची मूठ बारीक आणि घासून गुळगुळीत झालेली होती. त्याची पकड तिच्यावर बसतच नव्हती. आम्ही तिला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली. हातपंपाची दांडी जिकडून धरावी लागे तिकडून मनगट वाकडे व्हायचे, म्हणून उभे राहायची जागा बदलली. त्या दिवशी त्याने अंगणात बसून तणसाची पेंढी बांधली. दोन महिन्यांत माझ्या टेबलावर जे झाले नव्हते ते तासाभरात झाले.

निघताना तो म्हणाला, थ्रेशरवर अजून काही महिने काम करता येणार नाही असे लिहून द्या, मदतीच्या अर्जाला जोडायचे आहे. मी पेन काढले आणि परत ठेवले. माझी नोंदणी महाराष्ट्राची. नदीपलीकडे तिला काय किंमत, हे मी आधी विचारून पाहिले होते. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने उत्तरच दिले नाही. मूठ जाड करायला मला कुणी अडवले नाही, पण सही करायची हिंमत मला झाली नाही. तो माणूस काही बोलला नाही. ते न बोलणे आजही माझ्याजवळ आहे.

सर्जनकडे रुग्ण जातो. एक्स-रे काढायला, रक्त तपासायलाही रुग्णच जातो. आजारी माणसाला राज्याची सीमा सहसा अडवत नाही. गोंदियाच्या वॉर्डांत बालाघाटची माणसे आहेत आणि असायलाच हवीत. पण आपले अर्धे काम रुग्णाच्या घरात असते: चुलीची उंची, न्हाणीचा उंबरा, मुलाचा शाळेतला बाक, बांधीचा धुरा. आपल्यालाच त्याच्याकडे जावे लागते. म्हणून ही रेघ इतरांपेक्षा आपल्याला जास्त जाचते. ती रुग्णाला दवाखान्यापर्यंत येऊ देते आणि उपचाराला घरी जाऊ देत नाही.

आणि ही रेघ किती जुनी? बालाघाट जिल्हा १८६७ नंतर घडला, तोच मुळी भंडारा, मंडला आणि शिवनीचे भाग काढून. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. छत्तीसगड २००० साली झाले. त्याच्या दीड वर्ष आधी, १ मे १९९९ ला, भंडाऱ्यातून आपला गोंदिया वेगळा निघाला. पोवारी दोन्ही काठांवर बोलतात. रोटीबेटी व्यवहार कधी थांबला नाही. कचारगडच्या जत्रेला माघ पौर्णिमेला कितीतरी राज्यांतले गोंड बांधव येतात. त्या गर्दीत कोण कुठल्या राज्याचा हे कोणी विचारत नाही.

आपला व्यवसाय या देशात आला तोच सीमा ओलांडून. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या, आणि त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची पहिली शाळा उभी केली. दोनच वर्षांनी अखिल भारतीय संघटना झाली आणि जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. जगाच्या पाठीवर आपण पहिल्या पंगतीत बसलो. नोंदणी मात्र राज्यापुरती राहिली. महाराष्ट्राने आपला आणि भौतिकोपचाराचा मिळून परिषदेचा कायदा केला. तो चांगला कायदा आहे. त्याने बोगस माणसांना आळा घातला आणि आपल्याला ओळख दिली. पण त्याचा अंमल बाघ नदीच्या अलीकडच्या काठावर संपतो.

इतरांचे कसे आहे पाहा. वकिलांना देशभर काम करण्याचा हक्क १९६१ च्या कायद्यात, कलम ३० मध्ये लिहिलेला होता. ते कलम लागू व्हायला १५ जून २०११ उजाडला. पन्नास वर्षे. डॉक्टरांना टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी मार्च २०२० मध्ये देशातल्या कुठल्याही रुग्णाला दुरून सल्ला देण्याची मुभा दिली. माझ्याच केंद्रात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या वाचाउपचार तज्ज्ञाची नोंद १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली राष्ट्रीय नोंदवहीत आहे. एकाच मुलाला आम्ही दोघी पाहतो. पुलापलीकडे तिचा क्रमांक चालतो, माझ्या क्रमांकाविषयी शंका राहते.

२०२१ च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने आपल्यालाही केंद्रीय आयोग, राज्य परिषदा आणि केंद्रीय नोंदवही देऊ केली. राज्य परिषदा सहा महिन्यांत व्हायच्या होत्या. शेवटी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना अंमलबजावणीची आठवण करून द्यावी लागली. वकिलांसारखी पन्नास वर्षे थांबायची माझी तयारी नाही, कारण रुग्णाची नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू झाले. हा आजार आपल्या तिन्ही राज्यांच्या पट्ट्यात आहे. या आजाराने खुब्याचा सांधा झिजलेली विशीतली मुलगी रोवणीला वाकू शकत नाही, तिला काम करण्याची वेगळी रीत शिकवावी लागते. अभियान सगळ्या देशाचे, आणि ती रीत शिकवणारी मात्र एका राज्याची.

अमेरिकेतही परवाना राज्याचाच असतो. तिथल्या राज्यांनी आपापसांत करार केला. २०२२ मध्ये दहा राज्यांचे कायदे झाले आणि तो अस्तित्वात आला. आज तीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. परवाना आपल्या राज्याचा ठेवायचा, दुसऱ्या राज्यात कामाची मुभा घ्यायची. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी की रुग्ण ज्या राज्यात, कायदा तिथला. कुणावर कारवाई झाली तर ती सगळ्या राज्यांना दिसते. आपल्याकडे हे आधी बांधले पाहिजे. बालाघाटच्या बाईला माझ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर तिला मुंबईला जावे लागता कामा नये. तिने ती आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाषेत करावी, आणि मी तिथे उत्तर द्यावे. हे मान्य नसेल तर सीमा ओलांडण्याचा हक्क मला नको.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला गोड नाही. वाट मोकळी झाली की आपली मुले रायपूरला, भोपाळला, इंदूरला जातील. सालेकसा किंवा दरेकसापलीकडच्या पाड्यावर कोणी आपोआप जाणार नाही. महाराष्ट्रातली आपली बहुतेक महाविद्यालये मुंबईत आहेत आणि विदर्भाची सारी भिस्त नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर. गोंदियाला २०१६ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे व्यवसायोपचाराचा अभ्यासक्रम सुरू व्हावा, आणि बालाघाट-राजनांदगावच्या मुलामुलींना त्यात जागा असाव्यात, असे मला वाटते. इंटर्नशिपमध्ये त्यातल्या प्रत्येकाने काही आठवडे तरी घरोघर काढावेत, दोन्ही काठांवर. गोंडी किंवा पोवारी कळणारी मुलगी त्या घरात जे पाहील ते मला तीस वर्षांत दिसलेले नाही.

केंद्रीय नोंदवही प्रत्यक्षात येईपर्यंत आपली मागणी छोटी आहे. तिन्ही राज्यांनी लगतच्या जिल्ह्यांपुरती एकमेकांची नोंदणी मानावी: गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव. गृहभेटीला आणि तिथे दिलेल्या लेखी अहवालाला मान्यता असावी. तक्रार रुग्णाच्या जिल्ह्यात ऐकली जावी. ठरावाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे, मराठी आणि हिंदी दोन्हींत. दुपारच्या सत्राआधी वाचा, दुरुस्त्या सुचवा. सही करताना नोंदणी क्रमांकापुढे आपल्या राज्याचे नाव आणि शेवटची गृहभेट कुठल्या गावी केली ते लिहा. माझ्या सहीपुढे मी त्या शेतकऱ्याचे गाव लिहिले आहे.